भोपळ्यातील दिवा आणि कबरीवरील दिवा

ऑक्टोबर महिन्याची अखेर जवळ आली म्हणजे मुंबईसारख्या सागरतीरावरील महानगरात अलीकडे एक नवाच उत्सव दृष्टीस पडू लागला आहे. दुकानांच्या काचांआड कागदी वटवाघळे व कोळिष्टके लोंबू लागतात. लाल भोपळे कोरून त्यांना डोळे, नाक व दात पाडले जातात आणि आत दिवा ठेवला जातो. उपाहारगृहांत व मोठमोठ्या गृहसंकुलांत लहानथोर माणसे भुतांची, हडळींची व सांगाड्यांची सोंगे घेऊन जमतात. वांद्र्यासारख्या ख्रिस्ती वस्तीच्या उपनगरात तर मुले खाऊ मागत दारोदार फिरतानाही दिसतात. ३१ ऑक्टोबरच्या या रात्रीस ‘हॅलोविन’ असे नाव आहे.

भालकी, बसवकल्याण, औराद किंवा आळंद तालुक्यातील आपल्या खेड्यांचा या उत्सवाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे तो आपल्या माणसांमुळे. बीदरहून लातूरमार्गे आणि कलबुर्गीहून सोलापूरमार्गे जाणाऱ्या आगगाड्यांनी आपल्याकडील कितीतरी तरुण पोटापाण्यासाठी मुंबई गाठतात. त्यांची लेकरे तेथील शाळांत वाढतात, आणि अशा समारंभाची छायाचित्रे मोबाईलवरून गावी आजी-आजोबांकडे येतात. नातवाच्या तोंडास पांढरा रंग आणि ओठांवरून ओघळणारे खोटे रक्त पाहून आजीबाई गोंधळून जातात. हे पाप तर नव्हे? ही सैतानाची पूजा तर नव्हे? या प्रश्नास रागावून अथवा हसून उत्तर देण्यापूर्वी या रात्रीचे मूळ जाणून घेणे इष्ट होईल.

ते मूळ नावातच दडलेले आहे. ‘हॅलो’ हा संत या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द, आणि ‘ईन’ म्हणजे सायंकाळ. तेव्हा हॅलोविन म्हणजे सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या. सातव्या शतकाच्या आरंभी पोप चौथे बोनिफेस यांनी रोममधील पँथिऑन हे जुने देवालय पवित्र मरिया व सर्व रक्तसाक्षी यांना समर्पित केले. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी संत पेत्राच्या मंदिरात सर्व संतांच्या सन्मानार्थ एक प्रार्थनालय उभारले, आणि नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा सण पश्चिम युरोपात सर्वत्र रूढ झाला. त्याच्या आदल्या दिवशी भाविक उपवास व प्रार्थना करीत. ही पूर्वसंध्या पोप बारावे पायस यांच्या आज्ञेने १९५५ साली उपासनेच्या पंचांगातून वगळण्यात आली. नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

आयर्लंडमध्ये ख्रिस्तपूर्व काळापासून हिवाळ्याच्या आरंभी ‘साऊन’ नावाचा सण पाळला जात असे. त्या रात्री मृतांचे व अदृश्य शक्तींचे जग जवळ येते, अशी समजूत होती. आपला सण त्यावरूनच आला, असे काही लेखक सांगतात. इतर अभ्यासकांना हे मान्य नाही. आयर्लंडच्या जुन्या पंचांगात सर्व संतांचा सण एप्रिलमध्ये येत असे, याकडे ते लक्ष वेधतात. इंग्लंडमध्ये गोरगरीब लोक या दिवसांत दारोदार जात, घरोघरी त्यांस लहान गोड भाकरी मिळे आणि तिच्या मोबदल्यात ते त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. आयरिश लोक सलगमाचे कंद कोरून त्यांत दिवे लावीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बटाट्याच्या दुष्काळाने देशोधडीस लागून ते लाखोंनी अमेरिकेस गेले, तेथे त्यांस मोठमोठे भोपळे मिळाले, आणि कंदातील दिवा भोपळ्यात गेला. पुढे व्यापाऱ्यांनी हा उत्सव उचलला, चित्रपटांनी तो जगभर पोहोचविला, आणि घरच्या मृतांसाठी करावयाची प्रार्थना तेवढी मागे राहिली.

म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. सोंगे आपल्याही मातीस नवी नाहीत. आपल्या गावी बहुरूपी येतो, मोहरमच्या दिवसांत अंगावर पट्टे रंगवून वाघ नाचतो, आणि दृष्ट लागू नये म्हणून दारावर कोहळा टांगलेला दिसतो. खेळ म्हणून एखाद्या लेकराने तोंड रंगविले, तर त्यामुळे त्याचा विश्वास बुडत नाही. परंतु भुतेखेते बोलाविण्याचे, मृतात्म्यांस प्रश्न विचारण्याचे किंवा दारू पिऊन रात्र जागविण्याचे प्रकार जेथे चालत असतील, तेथे आपल्या मुलांनी जाऊ नये. हे आईबापांनी स्पष्ट शब्दांत सांगावे.

खरी चिंता निराळीच आहे. सोंग घेतलेल्या त्या नातवास आपल्या पणजोबांचे नाव ठाऊक आहे काय?

ख्रिस्तसभेने १ नोव्हेंबरला लागूनच २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस ठेवला आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधील क्लुनी मठाचे अधिपती संत ओदिलो यांनी आपल्या मठांत तो सुरू केला. पहिल्या महायुद्धात घरोघरी मृत्यूने थैमान घातले असता, १९१५ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी या दिवशी प्रत्येक धर्मगुरूस तीन मिस्सा अर्पण करण्याची अनुज्ञा दिली. मेक्सिको देशात लोक या दिवसांत आपल्या माणसांच्या कबरी झेंडूच्या फुलांनी झाकून टाकतात. आपण दसऱ्यास ज्याची तोरणे पाहतो, तो झेंडू मूळचा त्याच देशाचा.

मुंबईतही या दिवशी कबरस्ताने माणसांनी फुलून जातात. शिवडीच्या विस्तीर्ण ख्रिस्ती कबरस्तानात अनेक धर्मग्रामांची माणसे मेणबत्त्या व फुले घेऊन येतात आणि धर्मगुरू कबरींना आशीर्वाद देतात. परंतु महानगरात जागेची टंचाई इतकी, की बहुतेक कबरी कायमच्या राहत नाहीत. ठरावीक काळानंतर कबर उघडली जाते, अस्थी भिंतीतील कोनाड्यात ठेवण्यात येतात आणि त्या जागेत दुसऱ्यास विसावा मिळतो. यात कोणाचा दोष नाही. मात्र जेथे क्रूस व दगडही फार काळ टिकत नाही, तेथे नाव टिकवावयाचे ते कुटुंबानेच.

या बाबतीत आपण खेड्यातील माणसे भाग्यवान आहोत. आपली कबरस्ताने लहान आहेत, परंतु कोणत्या उंचवट्याखाली कोण निजले आहे, हे सांगणारी वडीलधारी माणसे अद्याप आपल्यात आहेत. हे ज्ञान कागदावर नाही. ते त्यांच्याबरोबरच जाईल. बीदर व कलबुर्गी ज्यात येतात, तो गुलबर्गा धर्मप्रांत २००५ साली स्थापन झाला. जुन्या पिढीच्या आठवणी त्याहून कितीतरी मागे जातात.

तेव्हा वाचक बंधुभगिनींनो, यंदा एक साधी गोष्ट करू या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले जिल्हे या राज्यात आले. त्यामुळे राज्योत्सवानिमित्त त्या दिवशी शाळा-कचेऱ्यांस सुट्टी असते. सकाळी संतांच्या सणाची मिस्सा झाली, की दुपारी मुलांना घेऊन कबरस्तानात जावे. तोवर सोयाबीनची रास झालेली असते, तूर शेतात उभी असते, आणि पावसाळ्यात माजलेले तण कबरींवर तसेच असते. ते उपटावे, क्रूसास चुना लावावा, आणि प्रत्येक कबरीपाशी थांबून मुलांना सांगावे, की हे तुझे पणजोबा, यांनी अमुक विहीर खोदली. ही तुझी मोठी आई, हिने दुष्काळात शेजारच्यांची लेकरे जेवविली. वही घेऊन ती नावे थोरल्या मुलाकडून लिहवून घ्यावी. त्याच नावांची एक यादी २ नोव्हेंबरच्या मिस्सेसाठी फादरांकडे द्यावी आणि एक प्रत मुंबईच्या लेकरांना धाडावी. १ ते ८ नोव्हेंबर या काळात पापनिवेदन करून, ख्रिस्तप्रसाद घेऊन, पोपमहाशयांच्या हेतूंसाठी प्रार्थना करून जो कबरस्तानास भेट देतो व मृतांसाठी प्रार्थना करतो, त्याने मिळविलेली पूर्ण दंडमाफी शुद्धिस्थानातील आत्म्यांना लाभते, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

नातवाचे ते रंगविलेले तोंड मोबाईलवर आले, तर त्यास रागावू नये. उलट कबरीवर लावलेल्या मेणबत्तीचे छायाचित्र त्यास पाठवावे, खाली त्याच्या पणजोबांचे नाव लिहावे, आणि त्या रात्री निजण्यापूर्वी त्या नावाने एक प्रार्थना म्हणावयास सांगावे.