व्हिडिओ गेमचा फुटलेला पडदा

हातांत धरून खेळावयाच्या व्हिडिओ गेमच्या ज्या भागाला आपण सहजपणें ‘काच’ म्हणतों, ती वस्तुतः एकच काच नसून थरांची चवड असते. हें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळांचे पैसे फुकट जातात, म्हणूनच आज हा वरवर किरकोळ वाटणारा विषय मीं निवडला आहे.

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कोरेगांव भीमाच्या पुढें, कारखान्यांनीं वेढलेली सणसवाडी लागते. तेथें पाळीवर जाणाऱ्या एखाद्या कामगारानें आपल्या मुलासाठीं जुना ‘पीएसपी’ विकत घेतला आणि महिन्याभरांत तो फरशीवर आपटला, अशी कल्पना करा. सोनी कंपनीनें हें यंत्र २००४ सालीं जपानांत प्रथम विक्रीस काढलें. २०१४ सालीं त्याचा पुरवठा थांबला. तेव्हां ‘नवें घ्या’ हा सल्ला व्यर्थ. केंद्र सरकारनें २४ डिसेंबर २०२२ रोजीं दुरुस्तीच्या हक्कासाठीं संकेतस्थळ उघडलें खरें, परंतु जनकानेंच टाकून दिलेल्या यंत्राला त्याचा आधार बेताचाच. राहिला मार्ग एक : पडदा बदलणें.

पण आधीं, बिघडलें आहे काय? सर्वांत वरचें पारदर्शक आवरण प्लॅस्टिकचें असतें. चरे तेवढ्यावरच असतील तर पुढचें झांकण बदललें कीं काम झालें. त्याखालीं खरा पडदा, म्हणजे दुकानदार ज्याला ‘डिस्प्ले’ म्हणतात तो. त्याच्या दोन पातळ काचांमध्यें द्रवस्फटिक भरलेले असतात. १८८८ सालीं रायनित्झर नांवाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून बनविलेलें एक द्रव्य तापवितांना जणूं दोनदां वितळतांना दिसलें. प्रथम गढूळ, मग स्वच्छ. गाजरांच्या अभ्यासांतून निघालेलें हें कुतूहल आज प्रत्येकाच्या खिशांत आहे! विजेच्या दाबानें हे स्फटिक आपली ठेवण बदलतात आणि प्रकाश अडवितात किंवा सोडतात. पीएसपीच्या ४.३ इंची पडद्यावर आडवे ४८० व उभे २७२, म्हणजे एकूण १,३०,५६० ठिपके असे उघडझांप करीत असतात. मात्र ते स्वतः उजेड देत नाहींत. उजेड येतो तो पाठीमागच्या दिव्यांचा.

यांतच रोगाची परीक्षा आहे. शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला असेल तर आंतली काच फुटली, हें निश्चित. पडदा संपूर्ण काळा, पण आवाज मात्र येतो आहे, असें असेल तर अंधाऱ्या खोलींत टॉर्चचा झोत तिरपा टाकून पाहावा. पुसट चित्र दिसलें तर स्फटिक शाबूत आहेत. दोष दिव्यांचा, त्यांच्या जोडपट्टीचा, किंवा त्यांना वीज पुरविणाऱ्या भागाचा. हा शेवटचा दोष असल्यास नवा डिस्प्लेदेखील काळाच राहतो, आणि येथेंच घाईनें केलेला खर्च पाण्यांत जातो.

बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत किंवा अन्यत्र चौकशी करतांना यंत्रावर छापलेला क्रमांक बरोबर न्यावा. १०००, २००० आणि ३००० या क्रमांकांचे पडदे एकमेकांना चालत नाहींत. ‘बसेल हो’ या आश्वासनावर विसंबूं नये.

कामास बसतांना प्रथम बॅटरी काढावी. ती फुगलेली आढळल्यास टोंचूं नये, पुन्हा चार्जही करूं नये. स्क्रू काढतांच कागदावर यंत्राची आकृति काढून जो जेथला तो तेथें ठेवावा, कारण लांबी सारखी नसते. १००० क्रमांकाच्या यंत्रांत पुढचें झांकण निघाल्यावर पडद्याखालची बटणांची पट्टी सोडवावी आणि मग पडदा हळूच उचलावा. ओढूं मात्र नये. त्याच्या पाठीशीं दोन जोडपट्ट्या असतात, रुंद ती चित्राची आणि अरुंद ती दिव्यांची. प्रत्येकीच्या खांचेवर नखाएवढी खिटी असते; ती उघडली कीं पट्टी आपोआप सुटते. ही खिटी मोडली तर मुख्य मंडलच दुरुस्तीला न्यावें लागतें, आणि तें काम घरचें नव्हे.

नवा पडदा जोडल्यावर लगेच झांकण लावूं नये. बॅटरी घालून एकदां यंत्र चालू करावें. चित्र नीट दिसल्यास बॅटरी पुन्हा काढून मगच संरक्षक कागद सोलावा, धुळीचा कण फुंकून घालवावा आणि स्क्रू आवळावे. फुटलेला पडदा ओल्या-सुक्या कचऱ्यांत न टाकतां ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.