वितळलेला बर्फ आणि झाकलेलं भांडं

लडाखमध्ये हिवाळ्यात नळ गोठतात, तेव्हा काही घरांना बर्फ वितळवून पाणी मिळवावं लागतं. असं पाणी शुद्धच असणार, हे आपण सहज धरून चालतो. पण बर्फ पडतानाच हवेतली धूळ आणि काजळी सोबत आणतो, जमिनीवर साचल्यावर त्यात जनावरांची विष्ठाही मिसळू शकते. थंडीत जंतू मरतात, हा युक्तिवादही टिकत नाही. गोठल्यावर त्यांतले अनेक नुसते निपचित पडतात. म्हणून पाणी उकळावंच. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ८८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. तेवढी उष्णताही जंतू मारायला पुरते, मात्र खळखळती उकळी तीन मिनिटं टिकवावी लागते. जिथे इंधन जपून वापरावं लागतं तिथे हे जाचक वाटेल, हे खरं. पण इंधन खरं वाया जातं ते नंतर, उकळलेलं पाणी उघड्या बादलीत ठेवून त्यात हातासकट पेला बुडवला की. तेव्हा अरुंद तोंडाचं, घट्ट झाकणाचं, तोटी असलेलं स्वच्छ भांडं घ्या. पाणी गोठून ते तडकू नये म्हणून वर थोडी जागा रिकामी ठेवा.