ऋतूंची साक्ष

हवामानबदलाची चर्चा आज आकड्यांतून होते. परंतु बदल ओळखण्यासाठी आधी ऋतू ठाऊक असावा लागतो. ती ओळख मराठी वाचकाला दुर्गाबाई भागवत (१९१०–२००२) यांनी करून दिली. मध्य प्रदेशात गोंडांच्या लोकसाहित्याचा शोध घेत असता त्यांना गंभीर आजार जडला आणि अनेक वर्षे त्यात गेली. व्यासंग मात्र सुटला नाही. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऋतुचक्रा’त त्यांनी बारा महिन्यांतील झाडे, पाखरे व आकाश अभ्यासकाच्या काटेकोर दृष्टीने आणि रसिकतेने टिपले. ते ललित लेखन कोणत्या महिन्यात काय फुलत असे, याची लेखी साक्षही ठरते.

हजीरा तापीच्या मुखाशी वसले आहे. मुलताईला उगम पावलेली ही नदी खानदेश ओलांडून, सुमारे ७२४ किलोमीटर वाहून येथे सागराला मिळते. ऑगस्ट २००६ मध्ये तिच्या पुराने सुरत बुडाले. त्या पुराची पातळी दप्तरी नोंदली गेली. पण खाडीतले मासे, तिवरे, वारे यांविषयीचे वडीलधाऱ्यांचे ज्ञान कोण नोंदवणार? माजी विद्यार्थ्यांनी घरच्या वृद्धांकडून एकाच महिन्याचे वर्णन जरी उतरवून घेतले, तरी या स्मृतिव्याख्यानाचे सार्थक झाले, असे मी मानीन.