रेघेतला माणूस

तुळजापूरच्या नवरात्रात नाचणारी आराधी बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचं चित्र काढायला फार थोडं लागतं. हातातला पोत, गळ्यातली कवड्यांची माळ हे सगळं नंतर. आधी मानेच्या खळगीपासून टाचेपर्यंत उतरणारी एक वाकडी रेघ. ती साधली की बाई नाचू लागते. ती चुकली, तर पुढे शंभर कवड्या मोजून काढा, बाई जागची हलत नाही!

कारण साधंच आहे. माणूस एका पायावर भार टाकून उभा राहिला, की त्या बाजूची कंबर वर उचलली जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. मानेची खळगी साधारण त्या पायाच्या घोट्यावर येते. शाळकरी चित्रांत खांदे आणि कंबर फूटपट्टीनं आखल्यासारखे आडवे असतात, म्हणून ती माणसं फोटोला उभी केल्यासारखी दिसतात. गोंधळ्याचंच पाहा ना. संबळ कमरेला बांधलेलं, म्हणजे ओझं पुढे. ते तोलायला पाठ किंचित मागे जाते. ती पाठ दाखवली नाही, तर संबळाला वजनच येत नाही.

आपल्या मराठवाड्यातल्या अजिंठ्यात, पहिल्या लेण्यातला पद्मपाणी रंगांसाठी वाखाणला जातो. पण त्याची करुणा आहे ती झुकलेल्या मानेच्या आणि कमरेच्या वळणात. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, डहाणूकडच्या वारल्यांनी तर माणूस दोन त्रिकोणांवर आणला. टोकाला टोक लावून वरचा छातीचा, खालचा कमरेचा. जिथे टोकं भेटतात तिथे बिजागरी. वरचा त्रिकोण कलला की बाई भात लावते, मागे गेला की गडी नाचतो. गंजाडच्या जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी लग्नाच्या चौकातली ही आकृती कागदावर आणली, जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तांदळाचं पीठ, पाणी आणि बांबूची काडी, एवढंच साहित्य.

आणि आपली मुलं? धाराशिव, कळंब, उमरग्याची पोरं एलिमेंटरी, इंटरमीजिएटला बसतात. दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकही खूश. पण स्मरणचित्रासाठी अनेक ठिकाणी ठरावीक माणसं पाठ करून घेतली जातात: घागरवाली बाई, छत्रीवाला मुलगा. विषय बाजाराचा असो वा बसस्थानकाचा, तीच बाई, तीच छत्री. स्मरणचित्रात स्मरण उरतं ते क्लासच्या फळ्याचं. मला हे गुण महाग पडल्यासारखे वाटतात.

उपाय खर्चिक नाही. रविवारी मुलाला आठवडी बाजारात न्या. साधी वही, पेन्सिल, खोडरबर घरी. एका माणसाला अर्धा मिनिट. नाक-डोळे काढायचे नाहीत. भाजीची पाटी उचलणारी मावशी, एसटीत चढताना धोतर सावरणारे आजोबा, काट्याकडे वाकून पाहणारं गिऱ्हाईक. पहिली पंधरा-वीस पानं ओळखूही येणार नाहीत. तेव्हा हसू नका, आणि शेजाऱ्यांना दाखवायला तर मुळीच मागू नका.




एखाद्या दिवशी मूलच वही पुढे करील आणि विचारील, “हे कोण, ओळखा बरं?”