मोटारीचे जादा दिवे : कायद्यात राहून कसे बसवावेत?

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत ज्यांचा व्यापार रस्त्यावर अवलंबून आहे, त्यांना अंधाराशी रोजच सामना करावा लागतो. आठवडी बाजाराला माल घेऊन निघालेला कापडवाला, धानाचा व बांबूचा व्यापारी, तेंदू हंगामातला कंत्राटदार, मूल, चामोर्शी, आलापल्ली, सिरोंचा या बाजूला भाड्याची गाडी चालविणारा तरुण, या सगळ्यांना पहाटे लवकर निघावे लागते आणि परतायला रात्र होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल आहे. चितळ, रानडुक्कर आणि रोही केव्हा आडवे येतील याचा नेम नाही. रानगवा तर अंगाने इतका काळा, की अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. त्यात भर म्हणून गावाजवळ रस्त्यावर बसलेली गुरे, मागे दिवा नसलेली बैलगाडी आणि खाणींचे अवजड ट्रक. अशा वेळी 'गाडीला दोन दिवे जादा लावून द्या' अशी मागणी घेऊन गिऱ्हाईक वायरमनकडे येते, यात नवल नाही.

मागणी योग्य आहे. पण ती पुरी करण्याची रीत अनेकदा चुकीची असते. टपावर एलईडीची लांब पट्टी, बंपरवर चार-चार फोकस आणि मूळ दिव्यांत दुप्पट ताकदीचे बल्ब, असा साज आज सर्रास दिसतो. चालविणाऱ्याला रस्ता लख्ख दिसतो, मात्र समोरून येणारा सायकलस्वार किंवा दुचाकीवाला काही क्षण ठार आंधळा होतो. त्याची गाडी खड्ड्यात गेली, कोणी पायी चालणारा तिच्याखाली आला, तर त्याचा जीव आपल्या दिव्याने घेतला असेच म्हणावे लागेल. या धंद्यात आपले अनेक कारागीर आहेत. म्हणून कायदा काय सांगतो आणि काम नीट कसे करावे, हे दोन्ही आम्ही येथे मांडत आहोत.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील तीन नियम प्रत्येक वायरमनला तोंडपाठ हवेत.

पहिला, नियम १०६. पुढच्या दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपवणारा नसावा. हे मोजायचे कसे, तेही नियमात दिले आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्या माणसाला झोत लागता कामा नये. झोत कायमचा खाली वळविलेला असावा, किंवा चालकाला तो खाली वळविता यावा, किंवा तो विझविता यावा व त्याच वेळी खाली पडणारा झोत सुरू राहावा. जादा दिव्यांचे सारे गणित या नियमावर उभे आहे. डिप्पर मारला की जादा दिवा आपोआप विझलाच पाहिजे.

दुसरा, नियम १११. आरटीओच्या पूर्वपरवानगीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावण्यास बंदी आहे, आणि ही परवानगी अपवादात्मक परिस्थितीतच मिळते. हाताने फिरविता येणारा फोकस यातच मोडतो. जंगल भागात या नियमाला आणखी एक बाजू आहे. रात्री झाडीत झोत फिरविणाऱ्या गाडीवर शिकारीचा संशय येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ५० प्रमाणे सबळ संशय असल्यास वन अधिकाऱ्यांना गाडी थांबवून झडती घेता येते. सरळ धंदा करणाऱ्याने हे लचांड मागे लावून घेऊ नये.

तिसरा, नियम १०८. गाडीच्या पुढे लाल दिवा नको आणि, मागे घेतानाचा दिवा सोडल्यास, मागे पांढरा दिवा नको. शोभेसाठी लावलेल्या लाल-निळ्या पट्ट्या यामुळेच अडचणीत आणतात.

याशिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये, असे ते सांगते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ लावताना अशा बदलांना आळा घातला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणून सरकारने जाहीर केलेले सुटे भाग निकृष्ट दर्जाचे विकणाऱ्यालाही याच कलमात जबर शिक्षा आहे. म्हणून दुकानदाराने 'मालकाने मागितले, मी दिले' असे म्हणून हात झटकू नयेत.

मग मार्ग कोणता? सगळ्यांत निर्धोक मार्ग म्हणजे त्या मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनीने स्वतः दिलेले फॉग लॅम्प, कंपनीच्याच वायरिंगसह बसविणे. दुसरे कोणते दिवे घ्यायचे असतील तर मान्यतेची खूण असलेले घ्यावेत, जोडीने घ्यावेत आणि बसविण्यापूर्वी आपल्या आरटीओकडे लेखी विचारणा करावी. गाडी एमएच-३४ ची असो वा एमएच-३३ ची, एका अर्जाने पुढचा वाद टळतो. विमा कंपनीलाही कळवावे. बाहेरून बसविलेले विजेचे सामान पॉलिसीत नोंदलेले नसेल, तर दाव्याच्या वेळी तक्रार उभी राहते.

आधी मूळ दिवे तपासा

जादा दिवे मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीचे मूळ दिवेच बहुधा आजारी असतात. काच पिवळी पडलेली, आतला आरसा काळवंडलेला, अर्थ गंजलेला. इंजिन चालू ठेवून आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजावे. हॅलोजन बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळाले, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. जाड तार, रिले आणि स्वच्छ अर्थ एवढ्यावरच मूळ दिवे पुन्हा तेजाळतात, आणि पुष्कळदा जादा दिव्यांची गरजच उरत नाही.

साठ-पंचावन्न वॅटच्या जागी शंभर-नव्वदचा बल्ब घालणे हा उपाय नव्हे. होल्डर वितळतो, तारा तापतात, आग लागण्याची भीती राहते. हॅलोजनसाठी बनविलेल्या दिव्यात एलईडी बल्ब कोंबणेही तसेच. आरशाची घडण तारेच्या नेमक्या जागेसाठी केलेली असते. प्रकाशाची जागा बदलली की झोत विस्कटतो, उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो.

फॉग की ड्रायव्हिंग?

हे दोन दिवे दिसायला सारखे, पण त्यांचे काम निरनिराळे. फॉग लॅम्पचा झोत रुंद, आखूड आणि वरून सपाट कापलेला असतो. हिवाळ्यात वैनगंगेच्या काठाने व धानाच्या बांध्यांवर धुके उतरते, पावसाळ्यात सरींचा पडदा असतो, कोळशाच्या रस्त्यांवर धूळ असते. तिथे हा दिवा कामाचा. तो खाली बसवावा. युरोपच्या ४८ क्रमांकाच्या नियमात, ज्याच्या आधारे आपले एआयएस-००८ हे मानक बेतले आहे, मोटारीच्या फॉग लॅम्पची उंची जमिनीपासून २५० ते ८०० मिलिमीटर ठरविली आहे. शिवाय तो डिप्परच्या दिव्याहून वर नसावा. रंग पांढरा किंवा पिवळा चालतो.

ड्रायव्हिंग लॅम्पचा झोत लांब व अरुंद. तो अप्परचा सोबती आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, समोर कोणी नसतानाच त्याचा उपयोग. धुक्यात तो लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते.

वायरिंग कशी करावी?

पंचावन्न वॅटचे दोन दिवे सुमारे नऊ अँपिअर घेतात. एवढा भार डॅशबोर्डच्या बटणावरून नेऊ नये. बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्यावी आणि बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज द्यावा. तेथून तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला न्यावी. ८७ वरून दिव्यांना, ८५ अर्थला. ८६ ची तार चालकाच्या बटणातून अप्परच्या तारेला जोडावी. म्हणजे बटण चालू असले तरी अप्पर लागल्याशिवाय जादा दिवे लागणार नाहीत, आणि डिप्पर मारताच विझतील. नियम १०६ चे पालन या एका जोडणीत होते. फॉग लॅम्पचा रिले मात्र पार्किंग दिव्याच्या तारेवरून चालवावा.

काही गाड्यांत डिप्पर-अप्परचा बदल अर्थच्या बाजूने होतो. म्हणून आधी टेस्ट लॅम्प लावून खात्री करावी. नव्या गाड्यांत दिवे संगणकाच्या ताब्यात असतात. तिथे तार सोलून टेप गुंडाळणे म्हणजे हजारोंचे नुकसान. अशा गाडीला कंपनीची तयार हार्नेसच वापरावी.

भिंतीवर झोत जुळविणे

दिवा कितीही चांगला असला तरी तो नीट जुळविला नसेल तर सारे फुकट. यासाठी महागडे यंत्र नसले तरी चालते. सपाट जमीन, एक भिंत, खडू आणि टेप पुरेत.

टायरमध्ये योग्य हवा भरावी, चालकाच्या जागी एक माणूस बसवावा. झोत खाली-वर करण्याची चकती असेल तर ती शून्यावर ठेवावी. गाडी भिंतीपासून बरोबर १० मीटरवर सरळ उभी करावी. प्रत्येक दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर आडवी रेघ मारावी आणि दिव्यांच्या समोर उभ्या रेघा माराव्यात. एका वेळी एकच दिवा जुळवावा, दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरावा. हॅलोजनच्या काचेवर कापड टाकू नये, ते जळते.

डिप्परची कापलेली कड मधल्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली यावी. म्हणजे उतार एक टक्का. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर हा झोत ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून कड डावीकडे वर चढलेली हवी. उजवीकडे चढत असेल, तर तो दिवा उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी बनविलेला आहे. तो परत करावा. फॉग लॅम्पची कड १५ ते २० सेंटिमीटर खाली ठेवावी. ड्रायव्हिंग लॅम्पच्या झोताचा सर्वांत तेजस्वी भाग उभ्या रेघेवर सरळ, आणि आडव्या रेघेवर किंवा तिच्या किंचित खाली असावा.

माल भरला की गाडीची मागची बाजू दबते आणि पुढचा झोत वर उचलला जातो. व्यापाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे. चकती असेल तर ती भाराप्रमाणे फिरवावी. नसेल तर नेहमीचा माल भरूनच झोत जुळवून घ्यावा.

दिवा वाढला म्हणून वेग वाढवू नका

ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर धावते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. एकूण ४५. ताशी ८० ला हाच हिशेब ६८ मीटरच्या आसपास जातो, म्हणजे डिप्परच्या झोताच्याही पलीकडे. ओल्या रस्त्यावर यात भरच पडते. समोर जनावराचे डोळे चमकले तर वेग कमी करावा, डिप्पर द्यावा आणि त्याला जाऊ द्यावे. प्रखर झोतात जनावर जागीच खिळते. एक चितळ गेले म्हणजे कळप गेला असे समजू नये.

कारागिरांना शेवटची गोष्ट. भिंतीवर झोत जुळवून देणे हे स्वतंत्र कामच आहे, त्याची मजुरी उघडपणे लावावी. दिवे बसविले तर भागांचा तपशील असलेले पक्के बिल द्यावे. टपावरच्या पट्टीत नफा झटपट मिळतो हे आम्हाला ठाऊक आहे, आणि शेजारचा दुकानदार ती लावून देईल हेही. तरीही नाही म्हणावे आणि का नाही ते गिऱ्हाइकाला भिंतीसमोर उभे करून दाखवावे. आठ मीटरवर त्याचेच डोळे दिपले, की बहुतेकांना वेगळे सांगावे लागत नाही. त्याच रस्त्यावरून रात्री आपली माणसेही सायकलने घरी येत असतात.