बोरगावची वेस आणि विद्यापीठाची भिंत

निपाणी तालुक्यातील बोरगावचा कारभार आज पट्टण पंचायतीकडे आहे. म्हणजे कागदोपत्री ते शहर झाले. सीमेपलीकडची इचलकरंजी २०२२ साली महानगरपालिका झाली. १ नोव्हेंबर १९५६ पासून या मुलखात दोन राज्यांची हद्द उभी आहे, परंतु माणसे आणि माल तिला विचारून ये-जा करीत नाहीत. मग येथे शहर कोठे सुरू होते? नगरसंस्था नसलेल्या वस्तीला शहर ठरविताना जनगणना तीन गोष्टी पाहते : किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला ४०० माणसे आणि कामकरी पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर. पुरुषांपैकी, बरे का! निपाणीच्या तंबाखू-वखारींत ज्यांनी आयुष्य झिजविले, त्या स्त्रिया या मापात कोठेच नाहीत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० अन्वये महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत मुख्य विषयासोबत 'मायनर', म्हणजे दुय्यम विषय आला आहे. नगर-अभ्यास हा असा विषय व्हावा आणि तो अनेक विभागांनी मिळून शिकवावा, असे आम्हांस वाटते. १९८१ साली निपाणीत तंबाखू उत्पादकांचे आंदोलन पेटले, गोळीबारही झाला. त्याचा अर्थ लावायचा तर भाव अर्थशास्त्राने सांगावा, हद्दीचा तंटा इतिहासाने, वखारीतील धुळीने पोखरलेली छाती वैद्यकाने. एकट्या शास्त्राच्या आवाक्यातले ते काम नव्हे.

यात नवलाई काहीच नाही. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग निघाला, तेव्हा त्याची धुरा पॅट्रिक गेडिस या मूळच्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे होती. आराखड्याआधी पाहणी, आणि तीही शहराची भोवतालच्या प्रदेशासह, हा त्यांचा आग्रह. पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेतून धनंजयराव गाडगीळांनी पुण्याची आणि नी. वि. सोवनींनी कोल्हापूरची पाहणी केली. घरोघर माहिती गोळा करणारी ती परंपरा आपणच क्षीण होऊ दिली.

आता भीती निराळीच आहे. दुय्यम विषय म्हणजे गुणांची भरती, अशी समजूत झाली की मुंबई-पुण्याच्या टिपणांवर परीक्षा उरकली जाईल. तसे होऊ नये. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने हद्द ओलांडून बोरगावात जावे. आमच्या कोकणातल्याने देवरुख, लांजा, कणकवलीची गटारे, बाजार आणि भाड्याच्या खोल्या पाहाव्यात. या गावांच्या नगरपंचायती झाल्या. पण गावठाणाभोवती इमारती कोणाच्या सोयीने उठत आहेत, हे पाहायला अद्याप कोणी बसलेले नाही. विद्यार्थ्यांच्या पाहणीची एक प्रत परीक्षकाकडे जावी, दुसरी नगरपंचायतीच्या सभेपुढे ठेवावी.