गांजा आणि कायदा (लेखांक ५) : दुकानाला परवाना, कुंडीला मनाई

अमेरिकेत एकेका राज्याने गांजावरची बंदी कशी उठवली, हे मागील लेखात पाहिले. मात्र विक्री वैध झाली की लागवडही आपोआप वैध होते, असे नाही. 2012 मध्ये कोलोराडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांच्या मतदारांनी एकाच दिवशी प्रौढांसाठी गांजा खुला केला. कोलोराडोत प्रत्येक प्रौढाला घरी सहा झाडे लावता येऊ लागली. त्यांतली तीनच एका वेळी फुलोऱ्यावर असावीत, एवढी अट. वॉशिंग्टनमध्ये मात्र रुग्णांना सवलत देऊन बाकीच्यांसाठी परसातले एक झाडही गुन्हा ठरवले. न्यू जर्सीत 2022 मध्ये दुकाने उघडली तेव्हा घरच्या लागवडीची मुभा रुग्णांनाही नव्हती. याउलट व्हर्जिनियाने 2021 मध्ये घरटी चार झाडांना मान्यता दिली, दुकाने मात्र लांबणीवर टाकली. ही तफावत झाडाच्या गुणधर्मातून आलेली नाही. राज्याने गांजाकडे घरातली खासगी बाब म्हणून पाहिले की करपात्र माल म्हणून, यावरून ती पडली आहे.

न्यायालयांतही याच दोन दृष्टी दिसतात. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये राज्यघटनेतील खासगीपणाच्या हक्काचा आधार घेऊन, प्रौढाने स्वतःपुरता गांजा घरात बाळगण्याला संरक्षण दिले. केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये कॅलिफोर्नियातील रुग्णांच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी उलट निकाल दिला. स्वतःसाठी पिकवलेल्या मालाचाही देशभरच्या बाजारावर परिणाम होतो, म्हणून केंद्र त्यावर बंदी घालू शकते, असा तो युक्तिवाद. न विकलेले झाडही अशा रीतीने व्यापाराच्या हिशेबात धरले गेले.

घरच्या लागवडीतून काळ्या बाजाराला माल जातो, हा आक्षेप निराधार नाही. कोलोराडोत काही रुग्णांना 99 झाडांपर्यंत परवानगी मिळत असे आणि त्या पळवाटेतून माल बाहेर जाई. पण 2018 पासून राज्याने उपाय केला तो घरामागे साधारण बारा झाडांच्या मर्यादेचा. सरसकट बंदीचा नव्हे. मुलांच्या सुरक्षिततेची काळजीही रास्त आहे. त्यासाठी झाडे कुलपाआड आणि रस्त्यावरून दिसणार नाहीत अशी ठेवण्याचे नियम कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी केले आहेत. राहिला कर बुडण्याचा मुद्दा. 1978 मध्ये संमत झालेला केंद्रीय कायदा घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला शंभर आणि अधिक असतील तर दोनशे गॅलन बिअर घरी करू देतो; त्यामुळे बिअरचे कारखाने काही बंद पडले नाहीत. शिवाय महसुलाची तूट हे कर वाढवण्याचे कारण होऊ शकते, माणसाला गुन्हेगार ठरवण्याचे नाही. विकत घेतलेला गांजा निर्धोक आणि तोच घरी लावला तर घातक, हे कोणत्याही राज्याला पटवून देता येणार नाही.

तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र राज्याच्या मुभेवर विसंबू नये. केंद्रीय कायद्यात लागवड आजही गुन्हाच आहे. राज्यात वैध असलेला गांजाचा व्यवहारही नागरिकत्वाच्या अर्जात आडवा येऊ शकतो, असे तिथल्या नागरिकत्व विभागाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे एकाच अंगणातले झाड अमेरिकन नागरिकाला पचते आणि नागरिकत्व मागणाऱ्या शेजाऱ्याला भोवते. केंद्र आणि राज्यांतल्या या विसंगतीचा बँकांच्या व्यवहारांवर काय परिणाम झाला, ते पुढील लेखात पाहू.